बाबांच्या नावाचं इंटरनेट

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

मिटनकनेक्टचं पत्र आलं. दर वर्षी याच सुमारास येतं, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून कंबर धरलेली असते तेव्हाच. 'तुम्हाला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून' १ मार्चपासून इंटरनेटचा दर वाढणार. सेवा तीच, राउटर तोच, वरच्या बेडरूममध्ये रेंज न येणंही तेच.

संकल्प: या वर्षी एक सेंटही जास्त द्यायचा नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो, की या बाबतीत माझं रेकॉर्ड उत्तम आहे. मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळींत माझ्याइतकं निगोशिएशन कोणाला जमत नाही. मागच्या खेपेला त्यांनी वीस डॉलर वाढवले, मी भांडून त्यातले आठ कमी करून घेतले. माझी बायको वीणा त्याला बारा डॉलरची वाढ म्हणते. बघण्या-बघण्यातला फरक.

समोरच्या देवांगला विचारलं, तुमचं बिल किती वाढलं? म्हणाला, यार माहीत नाही, ऑटो-पे आहे, पैसे आपोआप जातात. अशा माणसांमुळेच कंपन्या माजल्या आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

लंच ब्रेकमध्ये स्ट्रॅटेजी.

माझी मूळ पद्धत अशी. नव्या ग्राहकाला स्वस्त दर मिळतो, जुन्याला महाग. तेव्हा सुरुवातीची सवलत संपली की अकाउंट बंद करायचं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावानं नवं उघडायचं. आधी माझ्या नावावर होतं, मग वीणाच्या, मग पुन्हा माझ्या, पण यावेळी मधलं नाव आणि आडनाव उलटसुलट करून. दोन वर्षांपूर्वी बाबा सांगलीहून सहा महिने राहायला आले, ते उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी अकाउंट त्यांच्या नावावर केलं. त्यांचा जेट लॅगही उतरला नव्हता. बाबा परत गेले, पण मिटनकनेक्टच्या लेखी ते अजून आमच्या बेसमेंटमध्ये बसून रोज रात्री वेब सिरीज बघतात.

आता अडचण अशी की घरातली माणसं संपली. मुलगी केया चौदा वर्षांची आहे, तिच्या नावावर चालत नाही. बघितलं विचारून.

म्हणून यंदा फक्त दुसरी, दर वर्षीच्या भांडणातली पद्धत: 'मला कॅन्सल करायचंय' असं म्हणायचं. हा शब्द उच्चारला की ते आपल्याला एका खास डिपार्टमेंटला जोडतात, तिथल्या लोकांचं कामच जाणाऱ्याला थांबवणं. ते घाबरतात. ऑफर देतात. आपण उपकार केल्यासारखं घ्यायचं. सोडून कोणी जात नसतं, जाणार कुठे, आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, दुसरी कंपनीच नाही. पण ते त्यांना कुठे माहीत आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी होल्डवर. तेच पियानोचं संगीत. आता मला ते तोंडपाठ झालंय, भांडी लावतानाही गुणगुणतो असं केया म्हणते.

मी होल्डवर असताना वीणा समोर येऊन बसली. तिचा एक इंटरव्ह्यू चालू आहे, दोन राउंड झाल्या, तिसरी महत्त्वाची. पुण्यात ती स्टॅटिस्टिक्स घेऊन चांगल्या कंपनीत होती. इथे आल्यावर डिपेंडंट व्हिसा, मग कागदपत्रांचा घोळ, मग केया लहान. वर्क परमिट हातात आलं ते मागच्या सप्टेंबरात. त्या दिवशी तिनं ते कार्ड फ्रिजवर लावलं होतं, केयाच्या चित्रांशेजारी. ही नोकरी तिला मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कंपनीचं नाव ती सांगत होती, पण नेमका तेव्हाच पियानो थांबला आणि मला वाटलं माणूस आला. नव्हता आला. पुन्हा पियानो.

मग तिनं वही काढून मला प्रश्न विचारले. दर वर्षी भाव वाढला की तू काय करतोस? धमकी देतोस तेव्हा खरंच सोडायचा विचार असतो का? किती कमी केलं की गप्प बसतोस? मी सविस्तर उत्तरं दिली. ती भराभर लिहून घेत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या या गुणाकडे तिचं आत्ता लक्ष गेलं. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

फोनऐवजी चॅट करून पाहिलं. त्यांचा एक बॉट आहे, मिट्झी नावाचा. अकाउंट बाबांचं, म्हणून बाबा म्हणूनच लॉगिन केलं. मिट्झीनं जन्मसाल बघितलं आणि बिल मोठ्या अक्षरांत हवं का विचारलं. मी लिहिलं, कॅन्सल. तिनं मोठ्या बटणांचा फोन सुचवला. मी पुन्हा लिहिलं, कॅन्सल. तिनं विचारलं, तुम्हाला मदत करायला घरात कोणी तरुण व्यक्ती आहे का?

चॅट बंद केलं. यंत्राशी वाद घालणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी माणूस मिळाला. एक बाई. मी बाबांच्या नावानं, जरा घोगऱ्या आवाजात बोललो. ती म्हणाली, सर, तुमच्या वयाच्या मानानं तुमचा आवाज फार तरुण आहे. मी थँक यू म्हटलं. ते कौतुक नव्हतं असं नंतर कळलं.

तिनं सिक्युरिटी प्रश्न विचारला: तुमच्या पहिल्या पोस्टिंगचं गाव. बाबा पोस्टमास्तर होते, अकाउंट उघडताना हा प्रश्न त्यांनी स्वतः निवडला होता. मी सांगली म्हटलं. चूक. मिरज. चूक. तासगाव. अकाउंट लॉक. आता फक्त खातेदारानं स्वतः फोन करायचा.

सांगलीला फोन लावून बाबांना विचारलं. म्हणाले, जत. तिथे पहिली अडीच वर्षं काढली, तुझी आई तिथेच नवी नवरी म्हणून आली, मी तुला सांगितलं आहे. असेल सांगितलं.

यात एक संधी आहे. बाबांनाच कॉन्फरन्सवर घ्यायचं. अमेरिकन माणूस म्हाताऱ्यांना नाही म्हणत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांचं ट्रेनिंग. मी कंपनी झालो, ते ग्राहक.

त्यांना सांगितलं, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं: आय विश टु कॅन्सल. बाबांनी विचारलं, खरंच बंद करायचंय का? म्हटलं, नाही. मग तसं कसं म्हणू? म्हटलं, बाबा, ही इथली पद्धत आहे, सगळे म्हणतात. मग त्यांनी विचारलं, आपल्यामुळे त्या मुलीची नोकरी जाणार नाही ना? म्हटलं, उलट तिचं टार्गेट पूर्ण होईल. त्यावर राजी झाले.

तीन वेळा तालीम. पहिल्या दोन वेळा ते कॅन्सलच्या आधी 'काइंडली' म्हणाले. तिसऱ्यांदा 'काइंडली' काढलं, पण शेवटी 'युअर्स फेथफुली' म्हणाले. चालेल.

योजना: बाबा कॅन्सल म्हणणार, बाई ऑफर देणार, बाबा म्हणणार माझ्या मुलाशी बोला, पुढचं मी बघतो. बुधवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ.

वीणाला सांगितलं. ती म्हणाली, गुरुवारी दहाला माझी शेवटची राउंड आहे, व्हिडिओवर, चार माणसं इंटरव्ह्यू घेणार आहेत. त्याच्या आधी इंटरनेटला हात लावू नकोस. शुक्रवारी कर काय ते. मी हसलो. तिला समजावलं की हा नुसता ब्लफ आहे, बंद कोणी करत नसतं. ती म्हणाली, राजीव, प्लीज.

शुक्रवारी करायला हरकत नव्हती. पण बाबांची तालीम ताजी होती. आणि शुक्रवारी बाबांचा ज्येष्ठ नागरिक संघ असतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ, ऑफिसला निघण्यापूर्वी

थोडा अनपेक्षित प्रकार झाला. शांत डोक्यानं लिहून ठेवतो.

कॉल उत्तम लागला. बाबा वेळेवर. इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय म्हणाले, व्हिडिओ नसताना. मी स्वतःला म्यूट केलं, कारण किचनमध्ये कुकर लावला होता आणि शिट्टीनं इम्प्रेशन खराब झालं असतं.

बाईनं प्रश्न विचारला, बाबांनी जत सांगितलं, अकाउंट उघडलं. बाबा म्हणाले, आय विश टु कॅन्सल. अगदी खणखणीत. बाईनं कारण विचारलं. हे तालमीत नव्हतं. बाबांनी खरं सांगितलं, की गेलं सव्वा वर्ष मी मिशिगनमध्ये नाही, तुमचं इंटरनेट मी वापरतच नाही.

बाई घाबरली. माझा अंदाज बरोबर होता. तिनं निम्म्या दराची ऑफर दिली, पूर्ण वर्षासाठी. माझ्या आजवरच्या कारकिर्दीत अशी ऑफर कधी आली नाही. आणि बाबा म्हणाले, यू आर व्हेरी काइंड, पण जे वापरत नाही ते अर्ध्या किमतीत घेणं बरं नव्हे, ते कोणा गरजूला द्या.

मी ओरडत होतो. बाबा, हो म्हणा. बाबा, माझ्याशी बोला म्हणा. सगळं बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी म्यूटवर आहे. दिवसभर टीम्सवर इतरांना 'यू आर ऑन म्यूट' सांगणारा माणूस मी.

तोपर्यंत बाईचा आवाज भरून आला होता. ती म्हणाली, इतकं सभ्य माणूस या नोकरीत आजवर भेटलं नव्हतं. बाबांनी तिला जत कुठे आहे ते सांगितलं, तिनं तिच्या आजोबांचं सांगितलं, तेही पोस्टात होते. मी अनम्यूट केलं तेव्हा ते एकमेकांना गॉड ब्लेस यू म्हणत होते, आणि लाइन बंद झाली.

बाबांचा लगेच फोन. काम झालं, बाई फार सज्जन होती, मी एकट्यानंच निभावलं, तुला मध्ये पडावं लागलं नाही. इतके खूश होते की मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

कन्फर्मेशन ईमेल: सेवा उद्या सकाळी आठला बंद होईल.

पण हे नुसतं लिहायचं असतं. मी आयटीत आहे, मला माहीत आहे, कुठलीही सिस्टीम दुसऱ्या दिवशी काही करत नाही. कामाचं टिकेट निघतं, कोणाच्या तरी क्यूमध्ये पडतं, सोमवार उजाडतो. वीणाला उगाच टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठ वाजता गेलं. ठोका पडावा तसं.

केया स्कूल बसला जाताना म्हणाली, डॅड, द वायफाय इज डेड. वीणा वरून उतरली. नेव्ही ब्लू ब्लेझर, मोत्यांचे कानातले, हातात प्रिंटआउट. राउटरचा लाल दिवा तिनं बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, माझ्या फोनचा हॉटस्पॉट घे. मग आठवलं, जानेवारीत फोनचे दर वाढले तेव्हा मी सगळ्यांना स्वस्त प्लॅनवर नेलं होतं. त्यात हॉटस्पॉट नाही. तोही माझा विजयच होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, मी तुला एकच गोष्ट सांगितली होती. मग स्नो बूट चढवले, लॅपटॉप ब्लेझरखाली धरला आणि बर्फातून रस्ता ओलांडून देवांगच्या घरी गेली. देवांगनं आपल्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलावर चादर टाकून तिला बसवलं. ऑटो-पेवाल्याचं इंटरनेट. सगळ्यात वरचा प्लॅन आहे त्याच्याकडे, त्यालाच माहीत नव्हतं.

मी खिडकीतून समोरच्या घराकडे बघत उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं ती ज्या सकाळची वाट बघत होती, ती मी एका ऑफरसाठी पणाला लावली, आणि ऑफरही मिळाली नाही.

दुपारी ती परत आली. कशी झाली विचारलं. बरी झाली म्हणाली आणि वर गेली. पोळी-भाजी मी केली. पोळ्या कडक झाल्या.

संध्याकाळी केयानं विचारलं, सो यू कॅन्सल्ड आजोबा?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून ऑफिसच्या लॉबीत बसून नवं कनेक्शन शोधतोय. माझ्या नावानं मिळेल, पण मी 'परत आलेला ग्राहक', म्हणून दर त्या वाढीव दराहूनही जास्त.

सबडिव्हिजनच्या तोंडाशी दुसऱ्या एका फायबर कंपनीचा 'कमिंग सून' बोर्ड आहे. केया किंडरगार्टनमध्ये होती तेव्हापासून आहे. त्यावरच्या नंबरला फोन केला. त्यांचा व्हॉइसमेल भरलेला आहे.

संकल्प: इंटरनेटशिवाय राहायचं. माणसं राहतच होती की. घरात संवाद वाढेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

संवाद वाढला नाही. वीणा आणि केया दोघी देवांगकडे आहेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, रात्रीच्या जेवणानंतर

वीणाला नोकरी मिळाली.

ती फोन ठेवून किचनमध्ये आली आणि ओट्याला टेकून रडली. केयाही रडली. मी बाहेर जाऊन बर्फ काढला, थोडासाच होता.

जेवताना मी कंपनीचं नाव विचारलं. ती म्हणाली, तीनदा सांगितलंय. म्हटलं, पुन्हा सांग.

मिटनकनेक्ट.

प्राइसिंग टीम. दर वर्षी भाव वाढवला की कोणता ग्राहक सोडून जाईल आणि कोणता नुसता ओरडेल, हे आकड्यांवरून ओळखायचं काम. जाणाऱ्याला ऑफर, ओरडणाऱ्याला पियानो. इंटरव्ह्यूत तिनं दोन उदाहरणं दिली म्हणे, नावं न घेता. एक ग्राहक जो दर वर्षी फोन करून धमकी देतो आणि कधीच सोडत नाही. त्याला काहीही द्यायची गरज नाही. दुसरे एक वृद्ध गृहस्थ, जे शांतपणे खरं कारण सांगतात आणि निम्म्या दरालाही बधत नाहीत. खरा जाणारा ग्राहक असा असतो, तो आवाज चढवत नाही. ती चारही माणसं म्हणे लिहून घेत होती.

दुसरं उदाहरण तिला बाबांनीच फोनवर रंगवून सांगितलं होतं, बुधवारी संध्याकाळी. म्हणजे कनेक्शन बंद होणार हे तिला आदल्या रात्रीच माहीत होतं. चादर टाकून ठेव असं तिनं देवांगला तेव्हाच सांगितलं होतं. सकाळी आठपर्यंत ती वाट बघत होती, मी सांगतो का याची.

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, दही वाढ.

१७ मार्च, सोमवार

नवं कनेक्शन आलं. वीणाच्या नावावर, एम्प्लॉयी रेट, एक वर्ष. आजवरचा सगळ्यात कमी दर.

एका अर्थी संकल्प पूर्ण झाला. मी एक सेंटही जास्त देत नाहीये. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, की चिकाटी ठेवली तर कंपनी झुकते. देवांगनं अंगठा दिला.

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

मिटनकनेक्टचं पत्र आलं. दर वाढणार, एम्प्लॉयी रेटसुद्धा. पण पत्र या वेळी फार चांगलं लिहिलंय. छोटी वाक्यं, कुठे लपवाछपवी नाही, वाचून राग येता येता राहतो.

संकल्प मात्र तोच. आज घरूनच काम होतं, लंच ब्रेकमध्ये फोन लावला. कॅन्सल म्हटलं. बाई म्हणाली, सर, तुम्ही या अकाउंटवर फक्त ऑथराइज्ड यूजर आहात, तुम्ही नेट वापरू शकता, बिल भरू शकता, प्लॅनमध्ये बदल काही करू शकत नाही. त्यासाठी अकाउंट होल्डरशी बोला.

अकाउंट होल्डर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. दाराबाहेर उभा राहिलो. मीटिंग संपेना, उभ्या उभ्या तोंडात पियानोची चाल आली.

शेवटी तिनं आत बोलावलं. मी सगळा मुद्दा मांडला: इतक्या वर्षांची निष्ठा, वरच्या बेडरूमची रेंज, बोर्डावरची फायबर कंपनी. तिनं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, तुमची नाराजी मी समजू शकते, आमच्याबरोबर राहिल्याबद्दल आभारी आहे, पण सध्या तुमच्यासाठी कोणतीही ऑफर उपलब्ध नाही.

मी जाऊ लागलो तर तिनं विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का? नाही म्हटलं. मग एका छोट्या सर्व्हेसाठी थांबवलं. आजच्या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल?

पाच दिले. खाली येऊन ऑटो-पे चालू केलं.